डब्यातलं झाड, कुंडीतलं झाड

जानेवारीतल्या एका सकाळी झुंबर पगारे गॅलरीत कुंडीला पाणी घालत होते, तेव्हा पुण्याहून त्यांच्या मुलीने, राखीने, मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती, "पप्पा, हे आईचं झाड आहे का?"

फोटोत तेलाचा एक गंजका डबा होता. डब्यात पानांची दाटी, आणि पानांतून वर आलेल्या दांड्यावर एक फूल. फूल म्हणावं तर पक्ष्याच्या डोक्यासारखं. हिरवट-जांभळी लांब चोच आणि तिच्यावर उभा राहिलेला नारिंगी तुरा, तुऱ्यात एक निळा बाण.

पगाऱ्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग समोरच्या सिमेंटच्या कुंडीकडे पाहिलं. कुंडीत तेच झाड होतं. निदान आजवर त्यांची तशी समजूत होती. केळीसारखी, पण जाड, लांब देठांची पानं. फूल मात्र नव्हतं. कधी आलंच नव्हतं.

त्यांनी राखीला फोन लावला.

"कुठून आला हा फोटो?"

"माहेनूरने स्टेटसला ठेवलाय. आपल्या जुन्या घराशेजारी, गुलजारखालांच्या अंगणात फुललंय म्हणे. पप्पा, तुम्ही ते त्यांना दिलं होतं ना?"

"अर्धं दिलं होतं," पगारे म्हणाले. "आईचं आपल्याकडे आहे."

"मग फूल त्यांच्याकडे कसं आलं?"

त्यांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि मगातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं.

पगाऱ्यांची बायको सुमन महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती. तिथल्या केरळच्या एका सिस्टरने गावाहून परत येताना तिला तीन बिया आणून दिल्या होत्या. वाटाण्याएवढे काळे दाणे, प्रत्येकाच्या डोक्यावर नारिंगी केसांचा झुपका. झाडाचं नाव बर्ड ऑफ पॅराडाइज, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं. सुमन त्याला 'पक्षी' म्हणायची. तीनपैकी एकच बी रुजली. देवळाली गावातल्या भाड्याच्या घरी, मागच्या दारी, लिंबाच्या सावलीत, तेलाच्या डब्यात ते झाड सात वर्षं वाढलं. सुमन रोज ड्यूटीवरून आली की पदर खोचून आधी तिकडे जायची. सात वर्षांत एक फूल आलं नाही. मग तिचा मूत्रपिंडाचा आजार बळावला आणि ती गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी पगाऱ्यांनी ते घर सोडलं आणि जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गॅलरी लहान, झाड अवाढव्य. नर्सरीवाला राकेश म्हणाला, दोन भाग करू. त्याने झाड हलवलं, ओढलं, शेवटी कोयत्याने मधून कापलं. अर्धा भाग बोटाएवढ्या जाड पांढुरक्या मुळांसकट बाहेर आला. उरलेला अर्धा डब्यात असा गच्च बसला होता की डबा फोडल्याशिवाय निघाला नसता. पगाऱ्यांनी बाहेर आलेला भाग घेतला. तो स्वच्छ होता, ताजा दिसत होता. डबा ते टाकूनच देणार होते. तेवढ्यात शेजारच्या गुलजारबी निरोप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, फेकता कशाला? मला द्या."

एवढंच घडलं होतं. आपण काही चूक केली असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. बाहेर काढलेला भाग सुमनचा की डब्यात राहिलेला? तिने लावलं ते तर डब्यात. माती तिची, डबा तिचा. म्हणजे आपण तिचं झाड परक्याला देऊन तुकडा घरी आणला का? पगाऱ्यांनी बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनीची मोजणी केली होती. भावाभावांच्या शेतात दगड रोवून ही तुझी हद्द, ही त्याची, असं सांगताना त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. आणि इथे एका झाडाचे दोन भाग कोणाचे, ते ठरत नव्हतं.

दुसरं दुःख वेगळंच होतं. पावणेतीन वर्षं त्यांनी ह्या कुंडीसाठी जिवाचं रान केलं होतं. राकेश म्हणाला, केळीच्या जातीचं आहे, भरपूर पाणी घाला. त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तर पानांच्या कडा काळ्या पडल्या. यूट्यूबवरचा एक हिंदी माणूस म्हणाला, खत द्या. दिलं. दुसरा म्हणाला, खताने नुसती पानं माजतात. त्यांनी खत बंद केलं. मुळांना मोकळं वाटावं म्हणून तीन वेळा मोठ्या कुंडीत हलवलं. दर वेळी माती झाडून, मुळं सुटी करून, नवी माती. एकदा तर राकेशच्या नर्सरीत ह्याच नावाची पाटी लावलेलं भलतंच, लालपिवळी लोंबती फुलं आलेलं झाड दिसलं, आणि आपल्याकडचं झाड हे ते नव्हेच की काय, ह्या शंकेत त्यांचा महिना गेला. आणि तिकडे, गंजक्या डब्यात, काही न करता फूल!

तिसऱ्या दिवशी ते देवळाली गावात गेले.

गुलजारबींचं माहेर येवल्याचं, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातलं. त्यांचे नवरे नियाजभाई कानशीने करवतींना धार लावून द्यायचे. ते वारून पाच वर्षं झाली होती. आता घरात त्या आणि मुलगा अबरार. तो एसी दुरुस्तीची कामं करायचा. मुलगी माहेनूर लग्न होऊन भद्रकालीत राहायची.

अंगणात पाय ठेवताच पगाऱ्यांना डबा दिसला. भिंतीलगत, पूर्ण उन्हात. फूल फोटोपेक्षा मोठं होतं.

"या भाऊ!" गुलजारबींनी खुर्ची दिली. "किती दिवसांनी! पाहिलंत? सिस्टरचा पक्षी आला." सुमनला त्या सिस्टरच म्हणायच्या.

"हो. राखीने सांगितलं," पगारे म्हणाले. चहा प्यायले. तब्येतीचं, उन्हाचं, गॅसच्या नंबरचं बोलले आणि उठून आले. झाड मागायचं कसं, तेच कळेना. एकदा दिलेलं परत मागायचं म्हणजे काय म्हणून?

दोन दिवसांनी ते पुन्हा गेले. ह्या वेळी अर्धा किलो पेढे नेले. त्यांनाही ते नंतर विचित्र वाटलं, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. पुन्हा चहा झाला. पुन्हा ते फुलाकडे बघत बसले आणि उठून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गुलजारबी आत नमाज पढत होत्या आणि दारात अबरार उभा होता. त्याचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"काका, काही काम होतं का?"

"नाही, असंच."

"असंच म्हणजे?" अबरारने आवाज खाली आणला. "बघा, तुम्ही मोठे आहात. तुमच्याबद्दल इज्जत आहे. पण आठवड्यात तीनदा येताय, मिठाई आणताय. अम्मी एकटी असते. गल्लीतले लोक विचारतात मला."

पगाऱ्यांना आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं आणि कानशिलं तापली. एकसष्टाव्या वर्षी हे ऐकायला लागावं! ते घाईघाईने म्हणाले, "अरे बाबा, मला झाड पाहिजे! ते झाड. डब्यातलं."

अबरारने झाडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "झाड?"

"ते सुमनचं आहे. म्हणजे, मला वाटतं तिचं आहे. मी चुकून दुसरं नेलं."

अबरारने खांदे सैल सोडले आणि तो हसला. "मग पहिल्या दिवशीच बोलायचं ना काका! मी कुठल्या कुठे गेलो." त्याने आत हाक मारली, "अम्मी, काकांना झाड हवंय."

गुलजारबी ओढणी सावरत बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. भिंतीला टेकून त्या म्हणाल्या, "भाऊ, एक सांगा. हे झाड लावलं कुठे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"आमच्या मागच्या दारी."

"नाही. इथे. माझ्या स्वयंपाकघरात. बी फार कडक होती. अबरारच्या अब्बांनी कानशीने घासून दिली, मग दोन दिवस कोमट पाण्यात ठेवली. हा डबाही माझाच, रमजानमध्ये तेल आणलं होतं त्याचा. तीन महिने फ्रिजवर ठेवला होता, उबेला. कोंब आल्यावर सिस्टर घेऊन गेली."

"मग आमच्या घरी का नाही लावलं?"

"तुम्ही म्हणाला होतात म्हणे, काहीतरी उपयोगाचं लाव. मिरची लाव, कढीपत्ता लाव. ती म्हणाली, उगवलं तर नेईन, नाही तर घरी बोलणं नको."

पगाऱ्यांनी आठवून पाहिलं. असं म्हटल्याचं आठवत नव्हतं. म्हटलं नसेल, असंही छातीठोक सांगता येईना. सात वर्षं ते झाड मागच्या दारी होतं, आणि सुमन होती तोवर त्यांनी त्याला एकदाही पाणी घातलं नव्हतं, हे मात्र खरं होतं.

"म्हणजे झाड तुमचं," ते म्हणाले.

"तसं कुठे म्हणतेय मी? बी तिची. वाढवलं तिने." गुलजारबींनी डब्याकडे पाहिलं. "न्या तुम्ही. तुमच्या घरी असलेलं बरं."

त्या मनापासून बोलत होत्या की रागाने, पगाऱ्यांना उमगलं नाही. तरी त्यांनी झाड नेलं. अबरारने डबा उचलून रिक्षात ठेवून दिला. जेल रोडला पोचेपर्यंत दोन पानं दुमडली होती, पण फूल शाबूत होतं.

गॅलरीत दोन्ही झाडं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा ती एकाच झाडाची वाटत नव्हती. डब्यातलं ठेंगणं, गच्च, पानं आखूड आणि निबर. कुंडीतलं उंच, विरळ, मऊ पानांचं. पगारे मधे खुर्ची टाकून बसले. आनंद व्हायला हवा होता. सुमनने ज्याची सात वर्षं वाट पाहिली ते समोर होतं. पण त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, घरी बोलणं नको. आपण तसे होतो का? राखीला फोन करून त्यांनी विचारलंही.

"मी आईला झाडांवरून बोलायचो का गं?"

"बोलायचा नाहीत हो," राखी म्हणाली. मग जरा वेळाने, "म्हणजे तुम्ही काहीच बोलायचा नाहीत."

हे चांगलं की वाईट, तेही त्यांना कळलं नाही.

पाच-सहा दिवसांत नारिंगी तुरा कोमेजला, चोचीवर आडवा पडला. पगाऱ्यांनी आणखी दोन दिवस वाट पाहिली. वाळकं फूल ठेवलं तर झाडाची ताकद जाते, हे गुलाबाबद्दल त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कात्री आणली आणि दांडा खालून कापला. कापलेली चोच केरात टाकताना जड लागली. त्यांनी ती दाबली तर शिवण उसवावी तशी ती वरून उकलली. आत चिकट पाणी होतं आणि त्यात एकावर एक घडी घातलेली आणखी फुलं. ओली, फिकट नारिंगी. एक, दोन, तीन. एकाच चोचीतून ती एकामागून एक वर येणार होती.

पगाऱ्यांनी ती चोच पाण्याच्या ग्लासात ठेवून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गुलजारबींकडे गेले. अबरारला दारातच सांगितलं, "झाडाचंच काम आहे." आणि मग गुलजारबींना, उभ्याउभ्याच, सगळं सांगून टाकलं.

गुलजारबी शिवणाच्या मशीनवर होत्या. त्यांचा पाय थांबला.

"आत किती होती?"

"तीन."

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पगाऱ्यांना कळेना, बसावं की जावं. अबरारने त्यांच्याकडे पाहून हाताने थांबा म्हणून खुणावलं. शेवटी गुलजारबी आल्या. डोळे लाल होते.

"राग आला मला," त्या सरळ म्हणाल्या. "झाड दिलं तेव्हाही आला होता. तीन वर्षं रोज सकाळी मी त्याच्याजवळ बसायची, भाऊ. सिस्टरशी बोलल्यासारखं वाटायचं. पण तुमची बायको ती, तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

आपल्या बायकोसाठी आणखी कोणी रडत असेल, हे पगाऱ्यांच्या मनात आलंच नव्हतं. "मी परत आणून देतो," ते म्हणाले.

"नको. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मरेल ते." मग त्या म्हणाल्या, "मी येऊन बघते एकदा."

रविवारी त्या माहेनूरला घेऊन जेल रोडला आल्या. गॅलरीत त्यांनी डबा पाहिला, पण जास्त वेळ पाहिली ती कुंडी. मातीत बोट घातलं. "ही माती नवी आहे."

"दिवाळीत बदलली."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधल्या वर्षी. आणि त्याच्या आधी एकदा."

"अल्ला! भाऊ, दरवर्षी घर बदलायला लावताय त्याला. बसू तर द्या. मी काय केलं, सांगू? काहीच नाही केलं. उन्हात ठेवलं, माती सुकली की पाणी दिलं. डब्यात त्याला जागा नव्हती, मी तरी काय करणार होते! त्यातच फुललं."

पगारे डबा उचलून उन्हात ठेवायला गेले तर त्याचा तळ हातात आला. आता झाड डब्यात राहू शकत नव्हतं, आणि गॅलरीत जमीन नव्हती. शेवटी अबरारने टेम्पो आणला, पत्रा कापायच्या कात्रीने डबा उकलला आणि मुळांचा गोळा जसाच्या तसा गुलजारबींच्या अंगणात, भिंतीलगतच्या जमिनीत बसवला. खड्डा पगाऱ्यांनी खणला. ह्या वेळी कुणी कुणाला दिलं आणि कुणी घेतलं, हे बोलायचं दोघांनीही टाळलं.

कुंडीला पगाऱ्यांनी वर्षभर हात लावला नाही. हे सगळ्यांत अवघड गेलं. कितीदा खुरपं उचललं आणि ठेवून दिलं. कुंडी गॅलरीच्या उन्हाच्या कोपऱ्यात सरकवली, तेवढंच. मुळं कुंडीच्या कडेला वर दिसू लागली तेव्हा तर झोप उडाली. त्यांनी गुलजारबींना फोन केला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. दर रविवारी ते देवळाली गावात जायचे, अंगणातलं झाड बघायचे, कुंडीतल्या झाडाची खबर सांगायचे. गल्लीतले लोक ह्यावर काय बोलतात, ते अबरारने पुन्हा सांगितलं नाही.

पुढच्या डिसेंबरात अंगणातल्या झाडाने नुसती पानं काढली. फूल नाही. आणि कुंडीत, दोन देठांच्या बेचक्यात, एक टोकदार गुंडाळी वर आली.

पगाऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं. पान पण असंच गुंडाळून येतं. गुलजारबी गुडघे धरत दोन जिने चढून आल्या.

"पान आहे का फूल?" पगाऱ्यांनी विचारलं.

त्यांनी वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, बोट लावून पाहिलं. "मला काय माहीत! मी एकदाच तर पाहिलंय."

नऊ दिवसांनी त्या गुंडाळीने मान आडवी केली, आणि मग शंका उरली नाही.

पहिला तुरा उघडला तेव्हा राखी पुण्याहून आली. गुलजारबी आणि माहेनूर आल्या. गॅलरीत चौघांना जागा नव्हती, म्हणून दार उघडं टाकून सगळे हॉलमध्येच बसले. राखी फुलाकडे बघत म्हणाली, "पप्पा, मग आईचं नक्की कुठलं? हे की तिकडचं?"

पगाऱ्यांनी तोंड उघडलं. वर्षभर त्यांनी ह्यावर विचार केला होता आणि दर खेपेला वेगळं उत्तर आलं होतं. "मला नाही सांगता येत," ते म्हणाले.

राखीने मग गुलजारबींना विचारलं, "खाला, आई तुमच्याकडे यायची तेव्हा काय बोलायची हो?"

"काय नाही बोलायची! ड्यूटीवरचं बोलायची. तुझ्या दहावीचं बोलायची. गाडीचं तर विचारूच नको."

"कसली गाडी?" पगाऱ्यांनी विचारलं.

"स्कूटर. तिला स्कूटर शिकायची होती ना."

"सुमनला?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" गुलजारबींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माहेनूरकडे. माहेनूर हसू दाबत होती.

"मग राहिलंच असेल ते," पगारे म्हणाले.

"राहतंय कशाला? शिकली की! माहेनूरच्या गाडीवर. देवळाली कॅम्पकडच्या मैदानात, रविवारी सकाळी. दोनदा पडली, पण शिकली. तिसऱ्या महिन्यात मला मागे बसवून बिटको चौकापर्यंत घेऊन गेली. मी डोळे मिटून बसले होते."

राखी खळखळून हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ती आणखी विचारू लागली, गुलजारबी सांगू लागल्या. पगारे ऐकत होते. कुठले रविवार, ते मनात शोधत होते. रविवारी सकाळी आपण घरीच असायचो. पेपर वाचत असायचो. ती सांगून जायची, येते हं. कुठे, असं एकदा तरी विचारलं होतं का, ते त्यांना काही केल्या आठवेना.